यूट्यूब पाहून इंजिनात पाणी सोडताय? आधी हे वाचा. कार्बन घरी किती काढता येतो अन् कुठं हात आवरायचा

अमरावती/अकोला : गाडीचं बोनेट उघडं, इंजिन सुरू, एका बारीक नळीतून बाटलीतलं पाणी इंजिन घुटक्या-घुटक्यानं ओढून घेतंय आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या वाफेचा लोट निघतोय. शेवटी काळी घाण बाहेर पडते आणि व्हिडिओ करणारा सांगतो, 'झालं, कार्बन साफ, खर्च शून्य.' असे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगानं आहेत. फवारणीचा हंगाम तोंडावर आला, पंप सुरू होईना किंवा भाजीपाल्याची पिकअप चढावर दम टाकू लागली, की असा व्हिडिओ पाहून हात शिवशिवतात. मिस्त्रीचे पैसे वाचतील असं वाटतं.

गोम अशी, की हा पाण्याचा प्रयोग 'रोटरी' नावाच्या इंजिनाच्या गाड्यांवर फार प्रसिद्ध आहे. ते इंजिन आपल्याकडच्या स्प्लेंडरमध्ये नसतं, पिकअपमध्ये नसतं, ट्रॅक्टरमध्ये नसतं आणि पाठीवरच्या पंपातही नसतं. तिथला उपाय इकडे केला, तर कार्बन निघायच्या आधी इंजिनच बसू शकतं. पण म्हणून घरी काहीच करता येत नाही, असंही नाही. काही कामं घरच्या घरी, अर्ध्या तासात, पान्याच्या जोरावर होतात. फरक कुठं आहे तेवढा समजून घ्यावा लागतो.

ते इंजिन वेगळं काहून?

आपल्या ओळखीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. त्याला कनेक्टिंग रॉड जोडलेला असतो, वर हेडमध्ये व्हॉल्व्ह असतात. रोटरीत यातलं काहीच नाही. मधे किंचित दबलेल्या लंबगोल पोकळीत तीन कोपऱ्यांचा एक जाड लोखंडी तुकडा गरगर फिरतो. पेट्रोल-हवा आत येणं, दाबलं जाणं, पेटणं आणि धूर बाहेर जाणं हे सगळं त्या फिरण्यातच उरकतं. व्हॉल्व्ह नाहीत, भिंतीला नुसती तोंडं आहेत. जर्मनीच्या फेलिक्स व्हँकेल यांच्या कल्पनेवरचं असं पहिलं इंजिन १९५७ मध्ये एनएसयू कंपनीत चाललं. पुढं जपानच्या माझदा कंपनीनं ते नेटानं धरून ठेवलं. १९९१ मध्ये फ्रान्समधली २४ तासांची ल मान्स शर्यत माझदानं याच प्रकारच्या इंजिनावर जिंकली. त्यांची आरएक्स-८ ही कार २०१२ पर्यंत बनत होती. भारतात माझदाच्या गाड्या विकल्या जात नाहीत, त्यामुळं वऱ्हाडातल्या एखाद्या गॅरेजात रोटरी खोललेली दिसेल याची आशा धरू नये.

इथं एक गंमत आहे. आपल्याकडं 'आरएक्स' म्हटलं की १९८५ मध्ये आलेली यामाहाची आरएक्स १०० डोळ्यांपुढं येते. मोबाइलवर 'आरएक्स इंजिन कार्बन' असं शोधलं तर माझदाच्या कारचे आणि यामाहाच्या फटफटीचे व्हिडिओ एकाखाली एक येऊ शकतात. नाव जवळचं, आतला कारभार पूर्ण वेगळा.

रोटरीला कार्बनचा त्रास जास्त होतो, याचं कारण तिच्या बनावटीतच आहे. फिरणाऱ्या तुकड्याच्या तिन्ही टोकांवर धातूच्या पातळ पट्ट्या असतात. त्या भिंतीला घासून दाब अडवतात. त्यांना वंगण मिळावं म्हणून थोडं ऑइल मुद्दाम पेटणाऱ्या जागेत सोडतात. ऑइल जळालं की कार्बन आलाच. तो पट्ट्यांच्या खाचेत बसला की पट्टी अडकते, दाब सुटतो आणि गाडी सुरू व्हायला नखरे करते. तापलेल्या इंजिनात थोडंथोडं पाणी गेलं की त्याची वाफ होते आणि ती हा कार्बन सैल करते, म्हणून तिकडचे लोक हा प्रयोग करतात. जास्त पाणी गेलं तर रोटरीचंही नुकसान होतंच. व्हिडिओत तो भाग सहसा नसतो.

आपल्या इंजिनात पाणी गेलं तर

वाफेनं कार्बन सुटतो, ही गोष्ट पिस्टनच्या इंजिनातही खरी आहे. जुन्या मिस्त्रींना हे चांगलं ठाऊक असतं. हेडचं गॅस्केट फाटून रेडिएटरचं पाणी एखाद्या सिलिंडरमध्ये झिरपत असेल, तर हेड काढल्यावर तेवढा एकच पिस्टन धुऊन ठेवल्यासारखा चकचकीत दिसतो, बाकीचे काळे. म्हणजे व्हिडिओवाला अगदीच खोटं बोलत नाही. पण किती पाणी, किती वेगानं, हे त्याच्या हातात नसतं आणि तुमच्याही नसतं.

हिशेब करून पाहू. स्प्लेंडरचं इंजिन ९७ सीसीचं. पिस्टन पूर्ण वर आल्यावर हेडखाली जी जागा उरते, ती साधारण ११-१२ मिली. जेवणाचा मोठा चमचा १५ मिलीचा असतो. म्हणजे चमचाभर पाणी आत अडकलं आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असले, की पिस्टनला वर यायला जागाच नाही. अडीच लिटरच्या चार सिलिंडरच्या डिझेल पिकअपमध्ये एका सिलिंडरला ही जागा चाळीस मिलीच्या आत असते, कटिंग चहाच्या निम्म्याएवढी.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. इंजिन नुसतं हळू चालू असतं तेव्हाही डिझेलचा प्रत्येक सिलिंडर सेकंदाला सहा-सात वेळा दाब देतो. पिस्टन पाण्यावर आदळला की जोर जातो कनेक्टिंग रॉडवर. रॉड वाकतो, कधी तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. गॅरेजवाले याला 'इंजिन लॉक झालं' म्हणतात. पावसाळ्यात पूर आलेल्या नाल्यातून गाडी घातल्यावर होतं तेच हे. पाण्यात गाडी बंद पडली की सेल्फ मारायचा नाही, हे ज्या कारणानं सांगतात, तेच कारण इथंही लागू आहे. विम्याच्या साध्या पॉलिसीत पाण्यानं झालेलं इंजिनाचं असं नुकसान बहुतेकदा धरलेलं नसतं, त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. आणि स्वतःच्या हातानं पाणी ओतल्यावर विमा मागायला कोणत्या तोंडानं जाणार?

वऱ्हाडात यात आणखी एक भर पडते. दर्यापूर, अंजनगाव, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारट. त्या पाण्याची वाफ झाली तरी मीठ आत उरतं. चहाच्या भांड्याला बसतो तसा पांढरा थर आणि वरून गंज. कार्बन काढायला गेलं अन् क्षार भरून आलं, असा तो व्यवहार.

डिझेलमध्ये स्प्रे मारणं त्याहून धोक्याचं

काही व्हिडिओंत पाण्याऐवजी कार्ब्युरेटर क्लीनरचा डबा घेऊन चालू इंजिनाच्या हवेच्या तोंडात स्प्रे मारतात. पेट्रोल गाडीवर हे पाहिलेला माणूस डिझेल ट्रॅक्टरवर करायला जातो, तिथं घात होऊ शकतो. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या गरम हवेत जे काही पेटण्यासारखं जाईल ते पेटतं. पेट्रोल, क्लीनर, थिनर, ईथर, अगदी टर्बोतून गळणारं ऑइलसुद्धा. पंपाकडून डिझेल बंद केलं तरी इंजिन त्या दुसऱ्या खुराकावर पळत राहतं आणि आवाज चढतच जातो. चावी बंद, तरी इंजिन बेफाम. असं झालंच तर गाडी वरच्या गियरमध्ये टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन दमून बंद पडतं. ट्रॅक्टर जागेवर उभा असेल तर हवेचं तोंड जाड फळीनं बंद करतात. हात किंवा दुपट्टा लावायचा नाही, ओढ इतकी असते की आत खेचून नेते. आणि ते जमत नसेल तर लेकराबाळांना घेऊन लांब व्हायचं. इंजिन गेलं तर जाऊ द्या.

कार्बन धरतो काहून?

'मिस्त्री, गाडी काहून बुजते?' 'कार्बन धरला.' गॅरेजवरचा हा संवाद नेहमीचा. पण कार्बन हा रोग नाही, ते लक्षण आहे. इंधन पुरतं जळलं नाही किंवा ऑइल जळलं, की काजळी राहते. चुलीत ओलं लाकूड घातलं की गंज काळा होतो, तसंच.

खेड्यातली गाडी यात लवकर सापडते. घरून शेत दोन किलोमीटर. सकाळी चोक ओढून सुरू केली, चोक तसाच राहिला, शेत आलं, बंद. संध्याकाळी पुन्हा तेच. इंजिन नीट तापतच नाही. त्यात काळ्या मातीची धूळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभऱ्याचं खळं सुरू असतं तेव्हा हवेत भुसा किती असतो, हे सांगायला नको. फिल्टर भरला की हवा कमी, पेट्रोल तेवढंच, म्हणजे काजळी. ट्रॅक्टर बांधावर उभा ठेवून अर्धा तास गप्पा आणि इंजिन सुरूच, हीसुद्धा कार्बन वाढवायचीच रीत. बिनओझ्याचं, थंड चालणारं डिझेल इंजिन अर्धवट जाळतं.

म्हणून काहीही घासायच्या आधी प्लग काढून पाहावा. इंजिनाची जन्मपत्रिका तिथं लिहिलेली असते. टोक फिकट तपकिरी किंवा करडं असेल तर आत सगळं ठीक. कोरडी काळी भुकटी असेल, बोटाला काजळासारखी लागत असेल, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. फिल्टर आणि चोक पाहा. टोक ओलं, तेलकट, काळं असेल तर चार स्ट्रोक गाडीत इंजिन ऑइल जळतंय. रिंग झिजली असेल किंवा व्हॉल्व्हचं सील गेलं असेल. टोक पांढरंफटक असेल तर इंजिन जास्त तापतंय, तिथं कार्बनचा प्रश्नच नाही, उलट लवकर मिस्त्रीला दाखवावं.

यातला तेलकट प्लग महत्त्वाचा. अशा गाडीचा कार्बन कितीही काढला, कोणतीही बाटली टाकीत टाकली, तरी थोड्या दिवसांत काळं ते काळंच. मागून निळसर धूर येत असेल आणि ऑइलची पातळी दर महिन्याला उतरत असेल, तर पैसे सफाईवर घालायचे नाहीत, रिंगसाठी ठेवायचे. धुराचा रंगही असाच सांगतो: काळा म्हणजे इंधन जास्त, निळा म्हणजे ऑइल, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा थांबत नसेल तर आत पाणी जातंय किंवा डिझेल न जळता बाहेर पडतंय.

फवारणी पंप: हे काम घरचंच

पाठीवरचा पेट्रोल पंप, गवत कापायचं कटर, झाडं कापायचा चेनसॉ. ही बहुतेक दोन स्ट्रोकची इंजिनं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालतात, म्हणजे रोटरीसारखंच इथंही ऑइल जळतं आणि कार्बन ठरलेला. रोटरीच्या गोष्टीला वऱ्हाडात खरा जोडीदार कुठला असेल, तर हा पंप.

पंप सुरू होतो पण जोर धरत नाही, थोडं चालून बसतो, वाफा अर्धी झाली की दम तोडतो, अशी तक्रार असेल तर बहुधा धूर बाहेर जायचं तोंडच बुजलेलं असतं. सोयाबीनवर चक्रीभुंगा किंवा कपाशीवर बोंडअळी दिसली की दोन दिवसांत फवारा व्हायला पाहिजे. त्या वेळी दुरुस्तीच्या दुकानात रांग असते. म्हणून हे काम आखाडाच्या आधीच करून ठेवलेलं बरं.

पहिलं म्हणजे औषधाची टाकी रिकामी करून साबणाच्या पाण्यानं दोन-तीनदा धुवा. हे पाणी विहिरीजवळ, नाल्यात ओतू नका. पेट्रोलची टाकी रिकामी करा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, प्लगची टोपी काढून ठेवा. जवळ बिडी-काडी नको. मग सायलेन्सरचे बोल्ट सोडा. तो निघाला की सिलिंडरला एक खिडकीसारखं तोंड दिसतं. कडेनं काळा, कडक थर असतो, कधीकधी तोंड निम्म्यावर आलेलं असतं.

आता दोरी हळूहळू ओढा, पिस्टन त्या खिडकीसमोर येऊन ती पूर्ण झाकेल इतकी. हे विसरलं तर खरवडलेला चुरा सिलिंडरमध्ये पडतो आणि भिंतीला ओरखडे पडतात. पंप आडवा करा, खिडकी जमिनीकडे, म्हणजे चुरा आपोआप बाहेर. खरवडायला बांबूची कामटी किंवा लाकडाची चपटी काडी घ्या. स्क्रूड्रायव्हर, करवतीचं पातं, पॉलिश पेपर नको. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, त्याला खरचटलं की तिथूनच दाब सुटायला लागतो. थर फारच कडक असेल तर थोडं डिझेल लावून तासभर राहू द्यावं. सगळा चमकवायच्या मागं लागू नका, तोंड मोकळं झालं की पुरे.

सायलेन्सरच्या आत ठिणगी अडवायची बारीक जाळी असते. ती बुजली की पंप आवळल्यासारखा चालतो. ब्रशनं साफ करा, फाटली असेल तर बदला, काढून फेकू नका. वाळलेल्या तुरीत, गवतात काम करताना हीच जाळी आग टाळते. जोडताना गॅस्केट जागेवर आहे का पाहा. पहिली मिनिट-दोन मिनिटं धूर जास्त येईल, तो डिझेलचा, नंतर थांबतो. आणि हे सगळं मोकळ्या अंगणात. गोठ्यात, बंद खोलीत इंजिन चालवून पाहू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस बसल्या जागी कलंडतो.

पुन्हा इतका कार्बन धरू नये म्हणून ऑइलचं माप पाळावं लागतं, आणि चूक नेमकी तिथं होते. 'थोडं जास्त टाकलं तर इंजिनाला बरं,' असं समजून अंदाजानं ऑइल ओततात. पंपाच्या पुस्तिकेत २५:१ लिहिलं असेल तर एका लिटर पेट्रोलला ४० मिली. ५०:१ असेल तर २० मिली. अंदाजाच्या जागी औषधाच्या दुकानातली दहा मिलीची सिरिंज आणून डब्याला बांधून ठेवली की भानगड मिटते. ऑइल टू-टी लिहिलेलंच पाहिजे. मोटारसायकलचं इंजिन ऑइल किंवा ट्रॅक्टरचं काढलेलं जुनं ऑइल टाकलं की राख आणि डांबरासारखा थर ठरलेला. कमी टाकणं तर त्याहून वाईट, पिस्टन चिकटतो.

अन् एक राहिलं. गेल्या हंगामाचं मिसळलेलं पेट्रोल टाकीत तसंच राहिलं असेल, तर त्याचा डिंकासारखा चिकटा कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात बसतो. पंप सुरूच होत नाही आणि नाव कार्बनचं येतं. फवारणी संपली की टाकी रिकामी करून, आहे तेवढं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच पंप माळ्यावर टाकावा.

मोटारसायकल

इथं घरचं काम दोनच: प्लग आणि फिल्टर. प्लग पितळी तारेच्या ब्रशनं साफ करायचा, पॉलिश पेपरनं नाही. झिजलेला असेल तर घासत बसण्यापेक्षा नवा घ्यावा. बसवताना आधी हातानं आटे लावा, शेवटी पाना. वाकडा बसवून हेडचे आटे गेले तर महागात पडतं. फोमचा फिल्टर धुऊन, वाळवून, किंचित ऑइल लावून परत बसतो. कागदी फिल्टर धुवायचा नाही. त्यातही जो कागद हाताला तेलकट लागतो, त्याला हवासुद्धा मारायची नसते, तो बदलायचाच.

जुन्या लुना, राजदूत, आरएक्सच्या काळात सायलेन्सर काढून आगीत जाळायची पद्धत होती. दोन स्ट्रोकला तेव्हा ते चालून गेलं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीचा सायलेन्सर आगीत टाकणं म्हणजे नुकसान, कारण त्यात धूर शुद्ध करणारा महागडा भाग असतो. कॉस्टिक सोड्यात भाग बुडवणारेही आहेत. पिस्टन किंवा हेड त्यात टाकलं तर ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पेट घेणारा वायू सुटतो, आणि डोळ्यात थेंब गेला तर नजर जाऊ शकते.

चार स्ट्रोकचं हेड घरी काढू नये. टायमिंग चेन, बोल्टचा ठरावीक ताण, नवं गॅस्केट, व्हॉल्व्ह घासणं, हे ज्याचं काम त्यानंच करावं. घरी त्यापेक्षा सोपा उपाय आहे. आठवड्यातून एकदा गाडी चांगली तापवून, १५-२० किलोमीटर एका चालीनं पळवा. रोटरीवाले लोकही कार्बन बसू नये म्हणून इंजिन तापल्यावर मधूनमधून मोकळं पळवतात, तेवढी त्यांची गोष्ट आपल्याला घेण्यासारखी आहे. बसलेला जाड थर यानं निघत नाही, पण नवा बसणं कमी होतं.

ट्रॅक्टर अन् पिकअप

ट्रॅक्टरला जुन्या पद्धतीचा ऑइलचा फिल्टर असेल तर खळ्याच्या दिवसांत वाटी रोज उघडून पाहा. तळाला चिखल साचला असेल तर ऑइल बदला, खुणेएवढंच भरा. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. उभा ट्रॅक्टर उगाच सुरू ठेवू नका.

नव्या डिझेल पिकअपमध्ये दोन जागा कार्बनच्या. एक ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. धुराची काजळी आणि ऑइलची वाफ मिळून तिथं काळं लोणी तयार होतं. हा व्हॉल्व्ह काढून साफ करणं गॅरेजचं काम आहे, कारण त्याला वायरिंग आणि सेन्सर जोडलेले असतात. दुसरी डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरमधली काजळी गाळणारी गाळणी. ती भरली की साधारण ६०० अंशांपर्यंत तापून स्वतःची काजळी जाळते. पण त्यासाठी गाडी सलग पळाली पाहिजे. गावातून तालुक्याच्या बाजारात जाऊन येणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही, मग डॅशबोर्डवर दिवा लागतो.

दिवा नुसता लागून राहिला असेल तर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे मोठ्या रस्त्यावर १५-२० मिनिटं एका वेगानं गाडी चालवावी. अमरावती-अकोला महामार्ग त्याला चांगला. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर सलग डांबरीकरणाचा गिनेस विक्रम झाला होता. दिवा लुकलुकत असेल किंवा गाडी वेगच घेत नसेल तर पळवू नका, सर्व्हिस सेंटर गाठा. अशी फेरी मारून आल्यावर गाडी कुटाराच्या ढिगाजवळ किंवा वाळल्या गवतावर उभी करू नका. खालचा पाइप तेव्हा इतका तापलेला असतो की कुटार पेट घेऊ शकतं. गाळणी काढून टाकून देतो म्हणणारेही भेटतात. ते कायद्यात बसत नाही आणि गाडीची वॉरंटीही जाते.

मिस्त्रीकडे गेल्यावर

शहरात हल्ली मशीन लावून, हेड न खोलता कार्बन काढून देणारे आहेत. नळी जोडतात, अर्धा-पाऊण तास इंजिन चालवतात. हलकी काजळी असेल तर फरक पडू शकतो, पण जाड, कडक थर असा निघेलच असं धरून चालू नये. पैसे द्यायच्या आधी दाब मोजून घ्यायला सांगा. प्लगच्या जागी घड्याळ लावून मोजतात, पाच-दहा मिनिटांचं काम. आकडा लिहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा. काम झाल्यावर पुन्हा तसाच मोजायला लावा.

पहिलाच आकडा फार कमी आला, तर मिस्त्रीला प्लगच्या भोकातून लहान चमचाभर इंजिन ऑइल टाकून दुसऱ्यांदा मोजायला सांगा. चमचाभर म्हणजे चमचाभरच. आकडा चढला तर रिंग गेली आहे, आणि सफाईचे पैसे वाचवून ते रिंगला लावायचे. चढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कदाचित कार्बनमुळंच, आणि मग हेड खोलायला हरकत नाही. ही तपासणी पेट्रोल गाडीची. डिझेलचा दाब फार जास्त असतो, त्याला वेगळं घड्याळ लागतं, आणि त्यात ऑइल टाकून पाहायचा प्रयोग करू नये.